युजर: राघव

माझा थोरला भाऊ अण्णा जाऊन महिना झाला. तंजावूरच्या आपल्या मराठी घरांच्या श्राद्धतिथी सांगणारी त्याची वेबसाइट आज नव्या कॉम्प्युटरवर सुरू करत होतो. डेटाबेस एकच सांगत होता: ‘राघव या युजरला प्रवेश नाही.’ राघव म्हणजे अण्णाच.

तेवढ्यात पापनाशमहून काकूंचा फोन. “अरे, तुझ्या काकांची तिथी उद्या की परवा? भटजींना आत्ता सांगायचंय. दरवर्षी राघवच सांगायचा रे.”

काकूंना थांबायला सांगून कॉम्प्युटर कळणाऱ्या एका मित्राला मेसेज केला. शेवटी कळलं, माहिती नव्या कॉम्प्युटरवर आली होती, ती उघडणारा ‘राघव’ हा युजर आला नव्हता. मित्र म्हणाला, “तुझ्या नावाने नवा कर.” मी ‘राघव’च पुन्हा केला, पासवर्ड नवा दिला. यादी उघडली.

“परवा, काकू.”

आता अण्णाचीही तिथी भरायची आहे. आपल्या माणसाची तिथी पहिल्यांदा लिहिताना तुमचा हात चालला होता का?