चिबड रान आणि पाचटाचा बोळा

आधीच सांगून टाकतो. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठाने चालत गेल्याचं मी सगळ्यांना कौतुकाने ऐकवतो. पण वाटेत एका बाईचं रान बुडेल असं काम करून मी पुढे निघालो होतो, तेवढं मात्र आजवर गाळत आलो.

सोबत श्रीपती होता. शाळेपासूनचा मित्र, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. थंडीचे दिवस, दुतर्फा ऊस. पहिला दिवस मजेत गेला. वाळवा तालुक्यात शिरलो आणि चिबड (पाणी मुरून दलदल झालेली जमीन) लागलं. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून ही रानं अशी झालीत. वर मिठासारखा पांढरा थर, खाली पोटरीपर्यंत चिखल, लव्हाळ्यात बगळे. माझा एक बूट चिखलाने ठेवूनच घेतला. श्रीपती म्हणाला, "दुसराबी दिऊन टाक गड्या. जोडी कशाला फोडतोस?"

पुढे ओढा आडवा आला. काठातल्या एका पाइपातून पाणी गळून उतार निसरडा झाला होता. श्रीपती केव्हाच पलीकडे पोचला. मी दोनदा आपटलो, चिडलो, आणि पाचटाचा (उसाच्या वाळल्या पानांचा) बोळा करून चिखलासकट पाइपात ठोसून बसवला. गळती थांबली. स्वतःवर खूश होत मी ओढा ओलांडला.

दुपारी एका वस्तीवरच्या आजोबांनी आम्हाला जेवायला बसवलं. झुणका, भाकरी, घट्ट दही. बोलता बोलता त्यांनी चिबड सुधारायची रीत सांगितली : जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप पुरायचे आणि खारं पाणी ओढ्यात काढायचं. ओढ्याकडच्या शालनने तसं करून नऊ वर्षांनी पहिल्यांदा गहू पेरला होता.

"पाइप वाहतोय तवर गहू हाय," आजोबा म्हणाले. "तुंबला की मुळं कुजली."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. श्रीपतीच्या कानात सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ऊठ. हात धू."

तासाभराची वाट उलटी तुडवली. ओढ्यात शालनताई बोळा हातात धरून उभ्या होत्या, समोर त्यांचे दीर. पाइप दिरांच्या बांधातून नेण्यावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि ते नुकतंच मिटलं होतं, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"परवा माझ्या घरात चहा पिऊन गेलासा," त्या म्हणत होत्या, "आन आज ह्यो बोळा? आवं भावजी, माझ्या गव्हानं तुमचं काय खाल्लं?"

"वैनी, शपथ घेतो, मी न्हाई."

त्यांचा विश्वास बसला नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. श्रीपतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तसाच पाण्यात उतरलो. "ताई, बोळा मी कोंबला. पाय घसरत होता, एवढ्यासाठी. चुकलं माझं." मग दिरांकडे वळून हात जोडले. "आणि दादा, माझ्यापायी तुमच्यावर आळ आला. मला माफ करा."