वाटेचा करारनामा

भगवानरावांचा देवावर विश्वास बेताचा, माणसावर त्याहून बेताचा, पण स्टँप पेपरवर अगाध. सख्ख्या साळ्याला फवारणीचा पंप दिला, तोही लिहून घेऊन. पोरीच्या सोयरिकीत मानपानाचं स्टँपवर मागितलं तेव्हा व्याही उठून चालला होता. बायकोनं, वच्छलाबाईंनी, हात जोडून त्याला खाली बसवलं. आम्ही गावकरी टर उडवायचो. ते म्हणायचे, "बोललेलं हवेत जाते बाप्पा. स्टँपवरचं कोर्टात उभं राह्यते."

माणूस वाईट नव्हता. मजुरी त्याच दिवशी चुकती करायचा, कुणाच्या मयतीला पहिला हजर. दुःख एकच, शेताला वाट नाही. राळेगाव तालुक्यातली आमची काळी जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. शेत वच्छलाबाईंच्या नावावर, पिकायचंही झकास, पण चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या शेतांनी वेढलेलं. रस्त्याच्या बाजूला गुणवंतरावांचं वावर. वाट मागितली की ते म्हणायचे, "पुढच्या साली पाहू." तोवर कापूस मजुरांच्या डोक्यावर.

हे गुणवंतराव रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सरळ लाइनचा करंट सोडायचे. गावाला ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. भादव्यात एका पहाटे अंबादास त्या तारेला चिकटून गेला. अंबादास आणि त्याची बायको सत्यशीला भगवानरावांच्याच शेतात मजुरीला. भगवानराव त्या वेळी शेताकडे निघाले होते. अंबादास पडलेला आणि गुणवंतराव घाईघाईनं तार गुंडाळताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पोलिसांत मात्र नोंद झाली की खांबावरची तार तुटून पडली होती.

गुणवंतरावांनी भगवानरावांना एकट्याला बोलावलं. "वाट घे कायमची. फक्त तू काई पाह्यलं नाई."

दुसरा कुणी असता तर मान हलवून आला असता, नाहीतर तोंडावर थुंकून आला असता. भगवानराव म्हणाले, "लिहून दे." आणि खरंच स्टँपवर लिहिलं गेलं. गुणवंतराव बारा फूट वाट देतील, मोबदल्यात भगवानराव अंबादासच्या मरणाबाबत पाहिलेलं कुठेही सांगणार नाहीत. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदारांनी न वाचता सह्या ठोकल्या, ही आमच्याकडची जुनी रीत.

दिवाळीनंतरचा कापूस नव्या वाटेनं बैलबंडीतून घरी आला. उन्हाळ्यापर्यंत अंबादासचं प्रकरण पार थंडावलं. गुणवंतरावांची भीती सरली, तशी त्यांनी वाटेत जेसीबीनं आडवी नाली खोदली. "माह्याजवळ कागद हाय," म्हणत भगवानराव वकिलाकडे निघाले. राळेगावच्या पद्मजाताई वकील माझ्या ओळखीच्या, म्हणून मला सोबत घेतलं. शेत वच्छलाबाईंच्या नावावर, म्हणून त्यांनाही नेणं भाग पडलं. कागदात काय आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

पद्मजाताईंना कागद मोठ्यानं वाचायची सवय. 'मोबदल्यात' या शब्दाशी त्यांचा आवाज हळू झाला, पण वाक्य त्यांनी पुरं वाचलं.

"काका, कराराला मोबदला लागतो, खरं आहे. पण तो कायद्यात बसणारा लागतो, आणि कराराचा हेतूही सरळ लागतो. गुन्हा झाकायला गप्प बसणं, हा मोबदला होत नाही. हा करार कायद्याच्या लेखी झालाच नाही."

"पण स्टँप हाय न!"

"चोरीचा माल वाटून घ्यायचं दोन चोरांनी स्टँपवर लिहिलं, तर कोर्ट वाटणी करून देईल का?" मग म्हणाल्या, "वाटच पाहिजे होती, तर तहसीलदाराकडे अर्ज करायचा होता. शेताला वाट मिळायची सोय कायद्यात आहे."

भगवानरावांची मान खाली गेली ती वर येईना. मला त्यांचा संताप आला आणि खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ बसायचीही लाज वाटली. वच्छलाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "अंबादासच्या तेरवीले मी सत्यशीलाले धरून बसली होती. अन् तुमी पंगत वाढून राह्यले होते."

पद्मजाताईंनी कागद परत दिला. "वाटेसाठी हा कुचकामी आहे. पण तुम्ही पाहिलं होतं, हे यात तुमच्याच सहीनं आहे. पोलिसांत जबाब द्यायचा असेल तर मी येते. तुमच्याही अंगावर शेकेल, हे आधीच सांगते."

एसटीतून गावात उतरल्यावर भगवानराव घराकडे वळलेच नाहीत, थेट सत्यशीलाच्या दारात गेले; आम्ही दोघं मागोमाग. ती नुकतीच कामावरून आली होती. तिनं बाज टाकली. ते बसले नाहीत.

"सत्यशीला, त्या दिवशी मी पाह्यलं होतं. करंट गुणवंताच्या तारेत होता. मी वाटेपायी चूप राह्यलो."

सत्यशीला म्हणाली, "काकाजी, तुमचा कापूस मीच वेचला न. तुमी म्हणले, आता डोक्यावर न्यावं नाई लागत, बंडी जाते. मले लय बरं वाटलं. घरी येऊन त्याच्या फोटोले सांगतलं, तू गेला पण माहं ओझं तरी कमी झालं."

भगवानराव अंगणात मातीतच बसले. म्हातारा माणूस लेकरासारखा रडत होता आणि उठवायला आमच्यापैकी कुणी पुढं झालं नाही. शेवटी कसंबसं म्हणाले, "उद्या ठाण्यात येतं का माह्यासंगं?"

"मी कायले येऊ?" सत्यशीला म्हणाली. "तुमी पाह्यलं, तुमी सांगा."

वच्छलाबाई त्या रात्री तिच्याच ओट्यावर राहिल्या. सकाळच्या एसटीनं भगवानराव एकटे गेले.