नाय म्हाराजा

डिसेंबरचा पहिला रविवार. झर उपसायची होती.

मी घमेलं घेऊन वरच्या टाक्यात पाय टाकला तसा बापू म्हणाला, "तू खाली रव गो. वयला आमी बघतव. ता पाणी पिऊचा आसा."

झरीला दोन टाकी. वरचं पिण्याचं, खालचं धुण्याचं. बापू गावचा मानकरी. वर माणसं कमी होती म्हणून मी गेले होते, एवढंच. पाय बाहेर काढला. खालच्या टाक्यात उतरले. आमच्या बौद्धवाडीच्या सगळ्या बायका तिथेच गाळ काढत होत्या. कोणी वाटून दिलेलं नव्हतं. दर वर्षी आपोआप तसंच होतं.

पाणी मात्र एकच. वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं पठार, जांभ्या दगडाचा, भोकाभोकांचा. त्यावर जे सांडेल ते झिरपून झरीत येतं आणि नळाने सगळ्या वाड्यांत जातं. म्हणून ग्रामसभेने नियम केला. सड्यावर चुना लावलेले दगड मांडून रेषा आखली. रेषेच्या आत खोदकाम नाही, गोठा नाही, संडासाचा खड्डा नाही.

रेषेच्या आत घर एकच होतं. माझं. बापू माणसं घेऊन आला आणि माझा खड्डा बुजवून गेला. खाली नवा खड्डा होईपर्यंत आम्ही लांब जात होतो. पावसात, तापात, काळोखात. मी तक्रार केली नाही. नियम बरोबर होता. अजूनही आहे.

उपसा संपला. बापूने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. त्याचं एक वाक्य, मग सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा'. आम्ही आता देवापुढे हात जोडत नाही, पण ते दोन शब्द लहानपणापासून तोंडात बसलेले.

"पाण्याक कमी पडा देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सड्यार माझ्या झिलाच्या हाटेलाचा काम उद्यापासून सुरू होताहा, ता बिनविघ्न पार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. सवयीने. मग एकेकाच्या डोक्यात शिरलं. बापूच्या मुलाचं हॉटेल सड्यावर, म्हणजे रेषेच्या आत. खोल्या, त्यांचे संडास, पोहायचा तलाव. सगळं या पाण्याच्या डोक्यावर. पण गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. बापूला ते माहीत होतं.

"ह्येका सगळ्या गावाची संमती आसा रे म्हाराजा."

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

एकटीनेच.

बापू वळला. "तुझ्या आवशीक इचार, ह्या झरीचा पाणी तिका कसा गावायचा. आणि तू माका नाय म्हणतंस?"

मला विचारायची गरज नव्हती. मी आईच्या लुगड्याला धरून तिथे उभी असायचे. आई खाली, बापूची आई वर. ती वरून पाणी ओतायची, कळशी अर्धी झाली की हात थांबवायची. आईने 'जरा घाल गे बाय' म्हणावं म्हणून. आई म्हणायची. रोज.

"आवस मेली," मी म्हटलं. "माका इचारा. माझो खड्डो बुजवलात तेव्हा मी व्हय म्हटलंय. आता तुमची पाळी."

"पाणी पिऊक गावता मा? तेवढ्यात रव."

जावेने माझा पदर ओढला. "गप गो. आमच्या झिलाक थंय काम देतले." नारळ फुटला. खोबरं वाटत बापू आमच्याकडे आला, तुकडे वरून हातावर टाकत. मी हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुना आणि ब्रश घेऊन सड्यावर गेले. दगड बाजूला ढकलून दिले होते. उचलून परत जागेवर लावले. चुना कालवायला पाणी वरच्या टाक्यातून आणलं, स्वतःच्या हाताने कळशी बुडवून. ही रेषा माझ्यासाठी हलली नव्हती. त्याच्यासाठी हलणार नाही.

जेसीबी आला. ड्रायव्हर म्हणाला, "बाजूला व्हा, मावशी."

पुढचा दगड जेसीबीच्या तोंडाशीच होता. मी तिथे जाऊन बसले आणि त्याला चुना लावायला घेतला.