ओठात धरलेली टाचणी

पडद्याची अर्धी कड टाचून झाली होती, अर्धी जमिनीवर लोळत होती. मी स्टुलावर उभी राहून वरचं टोक धरलं होतं आणि वन्सं खाली बसून दुमड घालत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. बोटं ओठाशी गेली आणि रिकामीच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा रिकामी.

"वहिनी, मी ओठात पाच धरल्या होत्या ना?"

"मला काय ठाऊक? तुमच्या टाचण्यांचा हिशेब तुमच्याकडे."

"पाचच होत्या. पडद्याला चार लागल्यात."

मी खाली उतरायला लागले, तशा त्या ओरडल्या, "हलू नकोस! पायात जाईल." मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. टाचणी माझ्या पायात जाईल ही भीती त्यांना नव्हतीच. ती कुठे गेली असेल, हे दोघींच्याही मनात एकदमच आलं होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणतात, "मापाचा मिळाला नाही, आणि मी कुणाला आटवून घेणार नव्हते." आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आहे. नवं शिवत नाहीत, आलेले कपडे दुरुस्त करतात. कुठलाही कपडा आला की आधी तो पुरता उसवायचा, आणि मगच बोलायचं. त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे उसवाताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याही ओ देतात.

काम करताना खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या, आणि त्या तशाच ठेवून बडबड चालू. मी या घरात आले तेव्हा मला ते बघवत नसे. पुढे सवय झाली. ओठाचं आणखी एक काम होतं. कापड हातात आलं की त्याचा काठ त्या डोळे मिटून खालच्या ओठावरून फिरवायच्या. सूत कुठल्या दिशेनं आहे, मिलावट किती, धुतल्यावर आटेल का, हे त्यांना असं कळायचं. "बोटं सुईनं निबर झाली माझी," म्हणायच्या, "ओठ तेवढा अजून माणसात आहे."

दात मात्र लवकर गेले. हिरड्याच दुखऱ्या होत्या. वरची कवळी टाळूला धरून बसायची, पण खालची म्हणजे ओला साबण. एकदा बँकेतल्या एका साहेबांच्या कोटाच्या कॉलरचं माप घेत होत्या, त्यांच्याच कुठल्याशा बोलण्यावर हसल्या, आणि खालची कवळी साहेबांच्या कॉलरीत. साहेब भला माणूस. म्हणाला, "ताई, हे आतून लावायचंय की बाहेरून?" आम्ही सगळे हसलो. वन्सं हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या आमच्याबरोबर जेवायला बसेनात. आमचं आवरलं की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून मऊ भात गिळायच्या. कोणी आत आलं की ताट झाकायच्या. हे पाहूनच ह्यांनी इम्प्लांटचं मनावर घेतलं.

दातांच्या डॉक्टर वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी साचा हातात देऊन समजावलं. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे, हाडानं ते धरून ठेवले की काही महिन्यांनी कवळी त्यांच्यावर दाबून बसवायची. मग ती हलायची नाही. मला काही उमगलं नाही, पण वन्संना लगेच उमगलं.

"म्हणजे हाडाला टिचबटण."

"अगदी तसंच, मावशी," डॉक्टर हसल्या.

ती शस्त्रक्रिया आदल्याच दिवशी झाली होती. मी बाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेत होते आणि आतून ड्रिलचा आवाज आला की नाव मध्येच तुटत होतं. वन्सं बाहेर आल्या त्या तोंडात बोळा धरून, पण डोळे हसरे. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "भूल संध्याकाळपर्यंत उतरेल. उतरली नाही, तर उद्याची वाट बघू नका, लगेच फोन करा." मी संध्याकाळी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "उतरतेय." दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांती घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "कापलंय तोंड. हाताला काय झालंय? ये, ते पडदे तरी संपवू."

आणि आता ही टाचणी.

त्यांचं लोहचुंबक घेऊन मी सगळी फरशी फिरले. मशीनखालून दोन टाचण्या चिकटून आल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वन्संनी त्या उजेडात धरल्या आणि मान हलवली. "गंजलेल्या. माझ्या नव्या कोऱ्या होत्या." पडदा झटकला, त्यांची ओंजळ, मांडी, बाह्या, सगळं चाचपून झालं. कुठेच नाही.

ह्यांना कामावर फोन लावला.

"गिळली?"

"माहीत नाही हो."

"माहीत नाही म्हणजे काय? टाचणी घशाखाली गेलेली माणसाला कळणार नाही?"

मी फोन तसाच धरून वन्संकडे पाहिलं. "कळलं नाही तुम्हाला? ओठातून निसटताना तरी?"

त्यांनी खाली बघितलं. "डावा ओठ आलेलाच नाही गं अजून. कालपासून. तिथं कुणी परका चिकटवल्यासारखं वाटतंय."

"मग उतरतेय का म्हणालात?"

"डॉक्टरनं फोन करा म्हटलं होतं. फोन केला की ती बोलावणार. बोलावलं की बसवलेलं काढणार. मला भिंतीकडे तोंड करून नाही जेवायचं आता."

रागवायलाही मला वेळ नव्हता. ह्यांनी फोनवरून सांगितलं, "आधी दातांच्या दवाखान्यात जा, जवळ आहे. पोटाचा फोटो कुठे काढायचा ते त्या सांगतील. आणि ताईला म्हणावं आवंढा गिळू नकोस." तेवढं एक सोपं काम त्यांनी सांगितलं! आवंढा गिळायचा नाही म्हटलं की घशाला दुसरं काही सुचत नाही.

टॅक्सीत वन्सं ताठ बसल्या होत्या. लाळ रुमालात टिपत होत्या. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आला की माझा हात धरायच्या. मला त्यांच्या पोटात ती टाचणी दिसत होती, कधी आडवी, कधी उभी, आतड्याच्या वळणावर अडकलेली. मी नामस्मरण करायला गेले, पण ओठांवर नाव आणि डोळ्यांपुढे टाचणी. शेवटी देवाला सरळच म्हटलं, ती जिथे असेल तिथे तिला स्थिर ठेव, एवढंच कर. मागणं अगदी तसंच मान्य झालं, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी रांगेतल्यांना थांबवून आम्हाला आत घेतलं. मी धाप लागल्यासारखं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोटाचा फोटो काढूच. आधी टाके बघू दे, तुटले असतील तर." त्यांनी दिवा ओढला, आरशानं डावा गाल बाजूला केला, ओठ खाली ओढला, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी चिमटा मागितला. मी खुर्चीच्या पायथ्याशी उभी होते, मला सगळं दिसत होतं. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि ओठ मिळतात त्या खाचेत, मांसात रुतलेलं एक चकाकतं टोक. डॉक्टरांनी ते पकडलं आणि सावकाश ओढलं. टाचणी निम्म्याहून जास्त आत होती. मागोमाग रक्ताचा थेंब आला. मी डोळे मिटून घेतले, कारण वन्सं आता किंचाळणार.

वन्सं म्हणाल्या, "बघा ना लवकर. सापडेल का?"

डॉक्टरांनी चिमटा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

"कुठे होती?"

"तुमच्या ओठात, मावशी. आत्ता काढली."

"आत्ता?"

टाचणी पोटात नव्हती. देवाचे आभार मानायला माझे हात जुळलेही होते. पण डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि ते तसेच राहिले. ती मुलगी पांढरी पडली होती. कापसाची काडी घेऊन तिनं वन्संना डोळे मिटायला लावले आणि ओठावर, हनुवटीवर जागोजागी टेकवली. जिथे वन्संना कळलं तिथे पेनानं ठिपका दिला. मग ठिपके जोडले. डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत, शिंप्यानं कापडावर आखावा तसा एक तुकडा वन्संच्या चेहऱ्यावर आखला गेला. त्याच्या आतलं सगळं बधिर.

जबड्याचा स्कॅन तिथेच झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. उजवा स्क्रू ठीक होता. डाव्याचं टोक ओठाकडे जाणाऱ्या नसेला टेकलं होतं.

"नस इथं एक वळसा घेऊन पुढे येते. तो वळसा मी धरला होता त्यापेक्षा पुढे आहे. अंदाज माझा चुकला," डॉक्टर म्हणाल्या. आवाज स्थिर ठेवायची त्यांची धडपड मला ऐकू येत होती. "हा स्क्रू आत्ता काढला तर ओठ परत यायची आशा जास्त. थांबलो तर आशा कमी होत जाईल. काढूनही येईलच असं वचन मी देऊ शकत नाही. हाड भरलं की नवा थोडा अलीकडे बसवू. त्याला वेळ लागेल, बरेच महिने."

"नको," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं!"

"तू मध्ये पडू नकोस, वहिनी. ओठ काय करायचाय मला? मी काय लग्नाला उभी आहे? दात हवेत. माणसांत बसून जेवायचंय."

"मग चहा सांडलेला कळणार नाही, भाजलेलं कळणार नाही, टाचण्या..."

"टाचण्या भिंतीत खुपसेन!"

कुणी जबरदस्ती केली तर वन्सं उठून चालू लागतील, ते मी ओळखून होते. घरात त्यांना ठरवलेल्यावरून कुणी कधी हलवलेलं नाही. वन्संच्या हातात लाळेचा रुमाल होता. त्यांनी मांडीवर त्याची घडी मोडली, कोरडा कोपरा शोधला, आणि सवयीनं, अगदी सवयीनंच, डोळे मिटून तो खालच्या ओठावरून फिरवला. उजवीकडून डावीकडे. अर्ध्या वाटेवर त्यांची भुवई वर चढली. पुन्हा उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा रुमाल मध्यावरच टेकवून धरला.

"कापड संपतंय," त्या हळूच म्हणाल्या. "इथं सुती आहे. आणि इथं काहीच नाही."

मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. आत्ताही त्या रडल्या नाहीत. पण हनुवटी थरथरायला लागली आणि डाव्या बाजूला ती थरथर आपल्याला जाणवत नाहीये, हे त्यांना समोरच्या आरशात पाहून कळलं. ते पाहून त्या जास्त भेदरल्या.

"काढ बाई," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आत्ताच काढ. उसवून काढ."

मला बाहेर बसवलं. या वेळी ड्रिलचा आवाज नव्हता, ते जास्त वाईट होतं. बरंच झाल्यावर दार उघडलं. तोंडात पुन्हा भूल, पुन्हा बोळा. ओठ आला की नाही, हे भूल उतरेपर्यंत देवालाच ठाऊक.

संध्याकाळी उजवी बाजू जागी झाली. डावी नाही. मी कापूस फिरवत होते आणि वन्सं माझ्या डोळ्यांत बघत होत्या. कापूस लागतोय का, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच वाचायचं होतं. मी तोंड फिरवलं. कोमट पेज हनुवटीवरून ओघळली ती ह्यांनी पुसली. जेवण आम्ही तिघांनी एकत्रच केलं. भिंतीकडे बसायला वन्संमध्ये त्राणच नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी हेच. नसेच्या गोळ्या, मग कापूस. पेनाची रेघ पुसट होत गेली, आत मात्र काही हललं नाही. डॉक्टर रोज फोन करत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण फोन उचलला की आधी त्यांचाच श्वास ऐकू यायचा. "मुंग्या आल्यासारखं झालं तर चांगलं लक्षण समजा," असं त्या सांगायच्या. आम्ही मुंग्यांची वाट बघत होतो.

काल तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नवी रेघ आखली आणि तिचा फोटो पहिल्या दिवशी काढून ठेवलेल्या फोटोशेजारी धरला. कोपऱ्याशी, तांदळाच्या कणीएवढी, ती आत सरकली होती. डॉक्टरांनी दोनदा आखून खात्री केली.

"पुढेही सरकेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"कणी तर कणी," वन्सं म्हणाल्या. "कोपरा सुटला म्हणजे धागा मिळाला. ओढून बघू." पण हे बोलताना त्यांनी माझा हात सोडला नाही.

घरी आलो तर उंबऱ्यात एक बाई उभ्या. मुलीच्या लग्नाचा रेशमी झगा आणला होता, कमरेत आटवायला. वन्संनी तो हातात घेतला, काठ ओठाजवळ नेला आणि मध्येच थांबल्या. त्या बाईला म्हणाल्या, "ठेवून जा. बघते." रात्रभर झगा मशीनवर घडी घातलेला राहिला. कात्री लावली नाही, एक टाका उसवला नाही.

आज सकाळी त्यांनी तो कागदात बांधला. "अंदाजानं रेशमात कात्री घालायची नसते," एवढंच म्हणाल्या. चप्पल घालून त्या झगा परत द्यायला त्या बाईच्या घरी निघाल्या.