नळाच्या दाबाचं कुलूप

मी हे लिहितोय त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरातून बारावीपुढं कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलबाहेर मी आजवर काही लिहिलेलं नाही. खूप वाचलेल्या माणसांपुढं एका प्लास्टिकच्या डब्याची गोष्ट मांडायची म्हणजे धाडसच आहे. पण हा डबा जिच्यासाठी होता, तिच्याशी मला हे बोलता येत नाही. म्हणून लिहितो.

ती माझी आक्का. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं गाव येडशीपासून जीपनं अर्ध्या तासावर. घर खालच्या गल्लीत, त्यामुळं आमच्या नळाला एवढा जोर की रिकामी बादली हातानं धरून ठेवावी लागायची. वरच्या गल्लीत मात्र करंगळीएवढी धार. तिकडच्या बाया आईला टोमणे मारायच्या, "तुमी पाणी सोडणाऱ्याला रोज चहा पाजता, व्हय?"

एकदा आक्कानं त्यांना अंगणात बसवलं. ती तेव्हा दहावीत होती. बाटली आणि रबरी नळी घेऊन, बाटली वर-खाली करून तिनं धार दाखवली.

"काकू, टाकी केवढी मोठी हाय ते पाण्याला ठाव नसतं. ती किती उंच हाय तेवढंच ठाव असतं. तुमचं घर चढाला, म्हणून जोर कमी."

"मग आमी काय घर उचलून खाली आणावं का?" एक काकू म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मला फिजिक्स आवडायला लागलं ते त्या दिवसापासून.

आक्का बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात उमरग्याकडं तिचं लग्न झालं. तिची कंपासपेटी फळीवर तशीच राहिली. पुढं मी धाराशिवला बीएस्सीला आलो. वर्गात दाबाचा धडा सुरू झाला तेव्हा या बाकावर खरं तर आक्का बसायला हवी होती, असं मला सारखं वाटत राहिलं.

हॉस्टेलच्या एका मित्रानं मला जिओकॅशिंग दाखवलं. कुणीतरी कुठंतरी डबा लपवायचा आणि त्याची जागा मोबाइलच्या ॲपवर टाकायची. ज्याला सापडेल त्यानं आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि डबा परत तिथंच ठेवायचा. आतली वस्तू घेतली तर बदल्यात आपली एखादी ठेवायची. काही डब्यांना कोडं असतं, ते सुटल्याशिवाय उघडत नाहीत.

येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळाच्या रस्त्याला, अभयारण्याच्या अलीकडं, एका मोठ्या दगडाच्या फटीत मी डबा ठेवला. माकडांच्या भीतीनं त्याला तीन आकडी कुलूप लावलं. आत आक्काच्या कंपासपेटीतलं करकटक होतं. कोडं असं लिहिलं: खालच्या गल्लीतला नळ. टाकीतलं पाणी नळापेक्षा बारा मीटर उंच. गावातले सगळे नळ बंद. नळाच्या आत एकूण दाब किती किलोपास्कल?

मग आक्काला फोन करून कोडं आणि डब्याची जागा सांगितली. तिला नवं वर्ष लागल्यापासून माहेरी पाठवलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं, की नागपंचमीला तिला घेऊन यायचं आणि ते कुलूप तिनं स्वतःच्या हातानं उघडायचं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. एकशे अठरा.

मी फोन करून म्हणालो, "चुकलीस. एकूण दाब विचारलाय."

"मग? बारा गुणिले नऊ पॉइंट आठ. चूक कुठंय?"

"टाकीतल्या पाण्यावर काय हाय?"

"झाकण."

"आक्का!"

"हवा, रे भावड्या! वरची हवा धरायची ऱ्हायली." ती एवढी हसली की मागून कुणीतरी तिला हटकल्याचं मला ऐकू आलं. मग तिनं फोन ठेवला.

पंचमीच्या दोन दिवस आधी मुराळी म्हणून मी उमरग्याला गेलो. आमच्याकडं पंचमीला लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आईनं लाह्यांची पिशवी आणि पंचमीच्या बांगड्या दिल्या होत्या, हिरव्या, मधे एकेक पिवळा ठिपका असलेल्या. आक्काचं घर चढावर आहे. दारातल्या नळाखाली घागर ठेवलेली होती आणि धार अगदी बारीक होती. ते बघून आम्ही दोघंही हसलो. तिची पिशवी भरून दाराआड ठेवलेली मला दिसली.

चहा झाला. तिच्या सासूबाई दाजींशी कानडीत काहीतरी बोलल्या, मग माझ्याकडं वळल्या.

"यंदा न्हाय जमायचं, बाबा. माझा गुडघा बघतोस न्हवं? ही गेल्यावर घर कोण बघणार?"

"मावशी, दोनच दिवस…"

"ह्याच श्रावणात आमाला रामलिंगला यायचंच हाय. तवा बघू की."

दाजी मोबाइलमध्ये बघत होते. मी "बरं" म्हणालो. आज वाटतं, मी आणखी थोडं बसायला हवं होतं. दाजींना बाहेर नेऊन दोन शब्द बोलायला हवं होतं. मीच तिला परत आणून सोडतो, असं म्हणायला हवं होतं. यातलं काहीच तेव्हा मला सुचलं नाही. मोठ्या माणसांपुढं दुसऱ्यांदा बोलायची आम्हाला सवय नाही.

आक्का मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. हातात आईच्या बांगड्या होत्या, अजून कागदातच. ती हळूच म्हणाली, "दोनशे एकोणीस."

"मला नगं सांगू. कुलपाला सांग."

"येते की, रामलिंगला आल्यावर," ती म्हणाली.

मी एकटाच एसटीतून उतरलो तेव्हा आई लिंबाला झोक्याचा दोर बांधून घेत होती. तिनं माझ्या मागं बघितलं.

श्रावण सरल्यावर मी फोन केला. आक्का म्हणाली, "न्हाय रे, यंदा रामलिंग झालंच न्हाय. आत्याबाईंचा गुडघा." आवाज नेहमीसारखाच होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आली असती तर घरी आल्याबिगर गेली असती का?" आणि दोर सोडून ठेवला.

पुढं परीक्षा आल्या. डब्याकडं जायचं माझ्या जिवावर येई. तो मी तिच्यासाठी ठेवला होता, आणि ती येणार नव्हती. काढून आणावा असं दोनदा ठरवलं, तेही केलं नाही. कोडं सोपं करून तिला घरबसल्या काही पाठवता आलं असतं, तेही नाही. आक्काचे फोन कमी झाले. मी विचारायचो, "काय चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय."

परवा लायब्ररीत बसलो असताना ॲपवर निरोप आला. सोलापूरहून फिरायला आलेल्या कुणा अनोळखी माणसाला डबा सापडला होता. त्यानं लिहिलं होतं:

"कोडं आवडलं. हवेचा दाब धरायचा विसरलो होतो, त्यामुळं कुलूप दुसऱ्या प्रयत्नात उघडलं. तुमचा डबा सुखरूप आहे. पण पहिला मान माझा नाही. चिठ्ठीवर आधीच एका ताईंचं अक्षर आहे: 'वरची हवा धरून. श्रावणातला शेवटचा सोमवार. आईला सांगू नकोस.' करकटक त्यांनी नेलेलं दिसतं. त्या जागी एक हिरवी बांगडी आहे, पिवळ्या ठिपक्याची. ती मी तशीच ठेवली आहे."