तिला मी पाच दिले होते

माणसाचं मन किती मऊ आहे हे एक ते पाच आकड्यांत मोजता येतं, ही अक्कल मला सत्तेचाळिसाव्या वर्षी आली. सांगलीत मी ज्या दवाखान्यात नर्स आहे तिथं एक नवी जागा निघाली होती. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा. कायमची दिवसपाळी. अर्ज दोघींचेच, माझा आणि माझ्या मैत्रिणीचा. मेट्रनबाईंनी आम्हाला एकेक प्रश्नावली दिली. त्यात वीस वाक्यं. ‘समोरच्याचं दुःख मला न सांगता कळतं.’ अजिबात पटत नसेल तर एक लिहायचा, पूर्ण पटत असेल तर पाच.

ती जागा मला हवीच होती. आष्ट्याला आई अंथरुणाला खिळलेली. माझी रात्रपाळी लागली की तिच्याजवळ झोपायला कुणी या म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातापाया पडावं लागे. दिवसपाळी मिळाली तर संध्याकाळच्या एसटीनं मी रोज घरी. हे सगळं मैत्रिणीला ठाऊक होतं. तेरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलोय. ती माधवनगरची, घर जवळ. तिनंही अर्ज केला तेव्हा जरा टोचलं, पण म्हटलं, करू दे, तिलाही हक्क आहे.

पेन घेऊन बसले आणि हात चालेना. आमच्याकडं आपल्या तोंडानं आपलं कौतुक करणं म्हणजे लाज सोडणं. मुलगी बघायला पाहुणे आले की आई गप्प बसते आणि शेजारीण सांगते, “पोरगी लय गुणाची हाय.” आणि इथं मीच लिहायचं की मी फार मायाळू? बरं, मोठेपणा नको म्हणून सगळीकडं तीन टाकावेत तर जागा हातची जाणार.

मैत्रिणीचंही तेच झालेलं. ती म्हणाली, “आण हिकडं. तुजा मी भरते, माजा तू भर. शेजारणीवानी.”

मला सुटल्यासारखं झालं. आपापल्या कागदावर आधी सह्या केल्या आणि कागद बदलले.

तिचा कागद मी जीव लावून भरला. मधूनच उलटी वाक्यं होती, ‘दुसऱ्याचं रडगाणं ऐकून मला कंटाळा येतो’ असली. तिथं आठवणीनं एक टाकला. बाकी पाच, पाच, पाच. शेवटी स्वतःचा एक अनुभव लिहायचा होता. एका म्हाताऱ्याला तिनं गोडीगुलाबीनं पेज भरवली होती, ते लिहिलं. दोन्ही कागद तीच देऊन आली.

आठ दिवसांनी मेट्रनबाईंनी मला बोलावलं आणि माझा कागद पुढं सरकवला. “सिस्टर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, हे आवडलं. पण आता ही जागा तुम्हाला कशी देऊ?”

रडगाण्याचा कंटाळा येतो, पाच. आधी वाटलं, घाईत न वाचता पाच ओढत गेली असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात तिची वकिली केली, हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. मग वरची सरळ वाक्यं बघितली. तिथं एक, दोन, एक. आणि सगळ्यात खाली तिच्या गोल अक्षरात अनुभव: ‘आईनं हाक मारली की मला चीड येते. कधी कधी ऐकू आलं नाही असं दाखवते.’

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. बसस्टँडवर, रडत. तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. “व्हतं गं असं. तू काय देव हायस व्हय?”

कागद मी भरला नाही म्हणावं, तर खाली सही माझी. दोघींची लबाडी उघडी पडली असती. शिवाय वाक्य खरंच होतं. मी म्हटलं, “बरोबर आहे मॅडम.”

मैत्रीण वॉर्डात चादरींच्या घड्या घालत होती. मी विचारलं, “का केलंस?”

तिनं मान वर केली नाही. “खोटं लिवलं का मी? तूच सांगितलं हुतंस की.”

मी पाठ फिरवून वॉर्डाबाहेर आले. तिला शिव्या द्याव्यात, तर वाक्य माझंच होतं.

आता ती खालच्या मजल्यावर त्या खुर्चीत बसते. रडत आलेली माणसं तिच्याशी बोलून शांत होऊन जातात. कामात ती चांगली आहे, हे मी नाकारत नाही. डबा मी एकटीच खाते. रात्रपाळ्या चालूच आहेत. घरी असले की आईच्या पहिल्या हाकेला उठते. मायेनं उठते की त्या कागदाच्या धाकानं, मला अजून सांगता येत नाही.

‘समोरच्याचं दुःख मला न सांगता कळतं.’ त्यापुढं मी तिला पाच दिले होते. ते काही चुकले नव्हते. मी तर तिला सांगूनही ठेवलं होतं. माझं दुखतं कुठं हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि बोट तिनं तिथंच ठेवलं.