भाऊजींनी वाचलेलं पुस्तक

मी सुचवलेलं पुस्तक वाचून आमच्या घरातला एक माणूस पळून गेला.

ही गोष्ट साठच्या दशकातली, बोईसरच्या पलीकडे समुद्रकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची. मी दिवसा पालघरच्या शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी वाचनालय सांभाळायचो. वय सव्वीस. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयी मला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. कुणी रहस्यकथा मागायला आलं की मी कपाट बंद करायचो आणि व्याख्यान सुरू करायचो. "हे जाणतं होण्याचं वय! या वयात माणसाला आपण कोण हे कळावं लागतं. हे घे, हे वाच!" (मुलं पुस्तक घ्यायची आणि न उघडता परत आणायची. लवकर परत आलं म्हणजे एका बैठकीत संपवलं असणार, असं मी धरून चालायचो.)

एके दिवशी माझी थोरली बहीण वाचनालयात आली. तिचा मुलगा सुधाकर नुकताच मॅट्रिकला बसला होता.

"अरे, हा मुलगा बोलतच नाही," ताई म्हणाली. "ओसरीवर पडतो आणि आढ्याकडे बघतो. विचारलं तर खेकसतो. एखादं चांगलं पुस्तक दे बाबा त्याला."

मी याच क्षणाची वाट बघत होतो! मी माझी सर्वांत लाडकी कादंबरी काढली. (नाव सांगत नाही. पुस्तकाचा काही दोष नव्हता.) त्यातला सतरा वर्षांचा मुलगा बापाने ठरवलेली नोकरी सोडून समुद्रावर जातो आणि शेवटी स्वतःला ओळखतो.

"हे वाचल्यावर सुधाकर पहिल्यासारखा राहणार नाही," मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात, मी दात घासत असताना, ताई धावत दारात आली.

"गेले रे!"

तोंडातली राखुंडी मी गिळली. "कोण गेलं?"

"घरातून गेले! न सांगता गेले! तुझं ते मेलं पुस्तक घेऊन गेले!"

माझ्या लगेच लक्षात आलं. पोरगा पळाला. पण खरं सांगायचं तर काळजी वाटण्याआधी मला किंचित अभिमानच वाटला. पुस्तक कुणीतरी वाचलं होतं! मी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांत आवाजात सुरुवात केली.

"ताई, घाबरू नकोस. या वयात असं होतंच. सतरा वर्षांचं मन म्हणजे..."

"कसली सतरा वर्षं? सुधाकर घरात घोरतोय! तुझे भाऊजी गेले!"

भाऊजी! ताईच्या 'गेले'मधलं आदरार्थी बहुवचन मास्तर असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझे भाऊजी कचेरीत कारकून होते. आंघोळीपासून सुपारीपर्यंत सगळं ठरलेल्या वेळी. उमरोळीला लग्नाला गेले तरी मुक्काम करत नसत, कारण दुसऱ्या गादीवर झोप येत नाही. ते भाऊजी कोट खुंटीला टांगून, छत्री कोपऱ्यात ठेवून, पहाटे चालते झाले होते. आणि दुपारी कचेरीत मोठे साहेब तपासणीला यायचे होते!

आम्ही सुधाकरला हलवून उठवलं. तो म्हणाला, "पुस्तक? बाबाच वाचत होते. मधेमधे नाक ओढत होते. मला वाटलं पडसं झालंय."

"आणखी काही बोलले?"

"काल विचारत होते, घिवलीला होड्या सकाळी किती वाजता सुटतात."

ताईने लगेच चपला पायात अडकवल्या. भाऊजींना पोहता येत नव्हतं.

कचेरीत 'पोट बिघडलं आहे' असा निरोप धाडून आम्ही तिघं घिवलीच्या वाटेवर बोईसरला गाडीतून उतरलो. तिथे बांधकामावर जाणाऱ्या मजुरांची गर्दी. मी एका ट्रक ड्रायव्हरला माझ्या मास्तरी हिंदीत विचारलं, "आपने एक सद्गृहस्थ देखा क्या? काळी टोपी, चष्मा?"

"हाँ हाँ, बाबूजी! सुबह अपने ही ट्रक में बैठे थे. पूरे रास्ते गाना गा रहे थे."

"गाणं?" ताई म्हणाली. "मग ते आमचे नव्हेत."

तरी आम्ही त्याच ट्रकमध्ये चढलो. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी देवाचं नाव घेत, मी आणि सुधाकर मागे सिमेंटच्या गोणींवर. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, पण विधवा बहिणीला काय सांगायचं, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

घिवलीच्या किनाऱ्यावर एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघताच ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्यो टोपीवाला तुमचा हाय?"

"हाय... आहे!" ताई ओरडली. "कुठे आहेत? होडी बुडाली का?"

"बुडते कशाला? सुटली पण नाय! आमी सांगितला, काका, तुमाला नाय जमायचा. तरी चढले. होडी दोरीला बांधलेली हाय, आनी ह्ये ओकतान! आमच्या मानसांनी उचलून खाली ठेवला आनी ते गेले मासे मारायला."

एका पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत भाऊजी लिंबू चोखत पडले होते. चेहरा हिरवट, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, छातीवर वाचनालयाचं पुस्तक. ताई आता काय बोलेल या भीतीने मी दोन पावलं मागे सरलो. पण ती नुसतीच त्यांच्याजवळ वाळूत बसली.

भाऊजी हळूच म्हणाले, "मॅट्रिकचा निकाल लागला आणि वडिलांनी मला कचेरीत नेऊन बसवलं. मला बोटीवर जायचं होतं. कुणाला कधी सांगितलंच नाही. म्हटलं, एकदा समुद्राला विचारून तरी बघावं."

"मग? काय म्हणाला समुद्र?" ताईने विचारलं.

"नको म्हणाला."

ताईला हसू आवरेना. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने भाऊजींचं तोंडही. कोळणीने काळा चहा आणून दिला.

तेवढ्यात सुधाकर पुढे आला. "बाबा, मलाही एक सांगायचंय. मला कॉलेजला नाही जायचं. इथे बांधकामावर फिटरचं काम शिकायचंय. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

एरवी घरात महाभारत झालं असतं. पण बांधलेल्या होडीत ओकलेला बाप कुणाला कुठल्या अधिकाराने रागावणार? भाऊजींनी लिंबू बाजूला ठेवलं आणि मुलाकडे नीट बघितलं.

"बांधकामावरच ना? पाण्यात नाही ना जायचं?"

"नाही."

"मग शीक."

महिनाभर आढ्याकडे बघणारं पोर खदखदून हसलं. त्याने पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं! "अरे, एकदा वाचून तरी बघ," मी त्याला म्हणालो.

"कशाला मामा? बाबांनी वाचलं ना!"

परतीच्या वाटेवर मात्र ताईने ते पुस्तक भाऊजींच्या हातातून काढून घेतलं. "बघू तरी, यात आहे काय," म्हणाली आणि ट्रकमध्येच पहिलं पान उघडलं. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. घरी आल्यावर तिने मान वर केली नाही. "ताई, जेवणाचं?" मी विचारलं, कारण तेव्हा मी तिच्याकडेच जेवत असे.

"थांब रे. आत्ता कुठे तो मुलगा बोटीवर चढलाय!"

भाऊजींना अन्नाच्या वासाने मळमळत होतं, सुधाकर फिटर होण्याच्या आनंदात गावभर फिरत होता. राहिलो मी. पुस्तक संपेपर्यंत चूल माझ्याकडे आली. त्या एका कादंबरीने आमच्या घरात जाणतं असं कुणी झालं असेल तर मीच. सव्विसाव्या वर्षी मला कळलं की तांदूळ शिजवण्याआधी धुवावे लागतात!